डब्यातला पैलवान

त्याला सगळे पैलवान म्हणायचे आणि तसं म्हणताना प्रत्येकाला हसू यायचं. बरगड्या लांबून मोजता याव्यात असा देह. मनगट इतकं बारीक की घड्याळाच्या पट्ट्याला दाभणानं दोन भोकं जास्तीची पाडावी लागलेली. गाल आत गेलेले, त्यामुळे दाढी करताना आतून जीभ लावून ते फुगवायचे आणि मग वस्तरा फिरवायचा. काडीपैलवान हे मूळ नाव. त्यातली काडी वर्षांच्या ओघात गळून पडली. माणूस मात्र काडीच राहिला, आणि तो तसा राहावा याची घरात चोख व्यवस्था होती.

दादा त्याचा थोरला भाऊ. मोटारसायकली एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवायच्या हा दादाचा धंदा. माणसाची बदली होते, सामान ट्रकमध्ये जातं, पण लाडकी मोटारसायकल कपाटा-पलंगांच्या गर्दीत टाकून द्यायला काहींचा जीव होत नाही. अशी माणसं दादाकडे यायची. दादाकडे एक जीप होती आणि जीपमागे जोडायचा दोन चाकांचा, पत्र्याचा बंद डबा. डबा अगदीच बारका. उंची चार फूट, रुंदी साडेतीन आणि लांबी पावणेसात. त्याला दार एकच, मागचं, तेही वरून खाली पडणारं. खाली पाडलं की त्या दाराचाच चढ व्हायचा आणि त्यावरून गाडी आत ढकलायची. दादानं हा डबा जुना विकत घेतला, वाजतगाजत घरी आणला, आणि पहिली मोटारसायकल आत ढकलली तेव्हा तिचं मागचं चाक बाहेरच राहिलं. मोटारसायकल सात फूट होती. दुकानात डब्याला नुसत्या टिचक्या मारून बघणाऱ्या दादानं ते मापलंच नव्हतं.

दादा डोक्याला हात लावून बसला. पैलवान तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तो डब्याभोवती तीन वेळा फिरला, आत वाकून बसला, मोटारसायकलीच्या पुढच्या चाकाकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, हँडल उजवीकडे पुरतं वळवून पुढचं चाक त्या कोपऱ्यात घुसवलं तर? गाडी तिरकी बसेल."

गाडी तिरकी बसली. मागचं दार लागलं आणि दार नि मडगार्ड यांच्यात दोन बोटं जागा उरली. दादानं त्याच्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात दादानं त्याच्या पाठीवर कौतुकानं मारलेली ती एकुलती एक थाप, आणि ती महागात पडली.

कारण गाडी नुसती आत घालून भागत नाही. रस्त्याला खड्डे असतात. गाडी स्टँडवर उभी करून नेली तर स्टँड पत्र्यात घुसतो, म्हणून ती दोन्ही चाकांवर उभी ठेवून चारही बाजूंनी पट्ट्यांनी आवळायची असते. मागचे दोन पट्टे बाहेरून बांधता येतात. पुढचे दोन मात्र डब्याच्या पुढच्या कोपऱ्यांतल्या कड्यांत अडकवायचे, आणि पुढच्या स्प्रिंगा अर्ध्या दबेपर्यंत खटक्यानं ताणायचे. म्हणजे गाडीच्या आधी किंवा गाडीबरोबर कुणीतरी आत जायलाच हवं. पट्टे ताणले की तो माणूस डाव्या कोपऱ्यात कोंडला जाणार. सीटवरून चढून यायची सोय नाही. टाकीवर गुडघा पडला तर पोचा येतो, आणि वजनानं स्प्रिंगा दबल्या की ताणलेले पट्टे ढिले होतात. उरली एकच वाट. इंजिनाच्या बाजूला लोखंडी गार्ड असतो, तो गार्ड आणि डाव्या बाजूचा पत्रा यांच्यात एक वीत फट राहायची. त्या वीतभर फटीतून जमिनीलगत, कुशीवर पडून सरपटत बाहेर यायचं.

ते पैलवानाला जमायचं. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. एवढ्या एका गोष्टीवर त्याचं पुढचं सगळं आयुष्य ठरलं.

दादा आणि वहिनी दोघंही भरल्या अंगाची. खायची-प्यायची आवड असलेली. पैलवानासाठी मात्र वहिनीनं एक दोरी केली. ती स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला लटकलेली असायची आणि तिला एक गाठ होती. महिन्याच्या पहिल्या तारखेला अंघोळ झाल्यावर पैलवानानं सदरा वर करून उभं राहायचं. वहिनी दोरी पोटाभोवती फिरवायची. टोक गाठीला पोचलं तर ठीक. नाही पोचलं तर पुढचे आठ दिवस रात्री नुसता चहा. त्याच्या ताटात वाढताना ती हात आखडता घ्यायची, आणि त्याचं तिला वाईट वगैरे वाटत नसे. "अहो, त्याच्याच भल्यासाठी आहे," ती शेजारणीला सांगायची. "अडकला-बिडकला आत तर कोण काढणार त्याला?" वहिनी मनानं वाईट नव्हती असं लोक अजून म्हणतात. लोकांना म्हणायला काय जातंय. ते काही तिच्या हातचं मोजून जेवत नव्हते.

लग्नाचं दोनदा निघालं. एकदा तर मुलगी बघायला जायचा दिवसही ठरला होता. दादानं समजूत घातली. "लग्न कर, मी नाही कुठं म्हणतो? पण लग्न झालं की माणसाचं पोट सुटतं. सगळ्यांचं सुटतं. मग डब्यात कोण जाणार? धंदा बसला तर तुझी बायको खाणार काय?" पैलवानाला ते पटलं. दादाचं त्याला सगळंच पटायचं. आईवडील गेल्यावर दादानं त्याला वाढवलं होतं, आणि हे दादा त्याला विसरू देत नव्हता. घराला लागून दादाचं गाड्या ठेवायचं यार्ड होतं, त्याच्या मागं टायर ठेवायची खोली होती, तीत त्याची खाट होती. खाटेखाली एक पेटी. बावीस वर्षं झाली तरी त्या पेटीत भर पडली नाही.

रस्त्याच्या पलीकडे ट्रक तोलायचा वजनकाटा होता. सहा वर्षांपूर्वी तिथं एक बाई आली. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, कंपनीनं काट्यावर नेमलेली. काचेच्या खोलीत बसून ती आकडे लिहायची आणि ड्रायव्हर लोकांना अशी उत्तरं द्यायची की ते पुन्हा थट्टेच्या वाटेला जात नसत. पैलवान डबा तोलायला घेऊन गेला तेव्हा तिनं त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, "तुम्ही खाली उतरलात काय आणि वर थांबलात काय, काट्याला काही फरक पडत नाही."

"एवढा मोठा काटा, माझं वजन त्याला काय कळणार," पैलवान म्हणाला.

"कळतं की. दहाच्या पटीत दाखवतो. या, एकटे उभे राहा बघू."

ट्रक उभा राहतो त्या अवाढव्य लोखंडी पाटावर पैलवान एकटाच उभा राहिला. काचेमागं आकडा आला, पन्नास. बाई हसली नाही. तिनं आपला जेवणाचा डबा उघडला, त्यातला पाव आणि दोन उकडलेली अंडी कागदावर ठेवली आणि कागद खिडकीतून बाहेर सरकवला. "खा. माझ्यासमोर खा, नाहीतर नेऊन कुणाला तरी द्याल."

असं सुरू झालं. पाच वर्षं तो घाबरत घाबरत खायचा, एखादा घास, दोन घास. घरी वहिनीला वास येईल म्हणून तोंड धुऊन जायचा. शेवटच्या वर्षात मात्र त्याची भीड चेपली. बाईच्या खोलीत एकच खुर्ची होती, म्हणून तो दारात उंबऱ्यावर बसायचा आणि ती त्याला वाढायची. दोघं एकमेकांना अहोजाहो करायची. बोलणं फारसं नसायचं. पण पोटभर जेवलेला माणूस कसा बसतो, पाय पसरून, भिंतीला डोकं टेकून, तसा तो सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा बसायला शिकला. आणि पहिल्या तारखेला दोरी आली की तो पोट आत ओढून धरायचा. वहिनीची नजर आता कमी झाली होती, तिला गाठ लागली की पुरे. दोरी दर महिन्याला सांगायची की पैलवान आहे तसाच आहे. गंमत अशी की हळूहळू त्याचाही तिच्यावर विश्वास बसला. ज्या दोरीला तो स्वतः फसवत होता, तिचाच निकाल तो खरा मानून चालला.

एक दिवस बाईनं त्याला पुन्हा पाटावर उभं केलं. आकडा आला, साठ. बाईनं टाळी वाजवली. सहा वर्षांत तिला इतकं खूश झालेलं त्यानं पाहिलं नव्हतं. म्हणून त्यानंही हसून घेतलं, आणि त्या आकड्याचा दुसरा अर्थ त्याच्या डोक्यात शिरला नाही.

त्यानंतर महिन्याभरानं बाईची बदली झाली. कंपनीनं तिला दुसऱ्या गावच्या काट्यावर नेमलं, सोबत राहायला दोन खोल्या दिल्या. तिनं ते सरळ सांगितलं. "गुरुवारी साडेबाराची बस आहे. दोन खोल्या मला एकटीला काय करायच्या? तिथं माल चढवायला माणूस हवाय, मी विचारून ठेवलंय. तुम्हाला यायचं असेल तर या. मी दुसऱ्यांदा विचारणार नाही, मला तशी सवय नाही."

पैलवान तीन दिवस झोपला नाही. गुरुवारी सकाळी त्यानं पेटी भरली, म्हणजे दोन सदरे ठेवले, आणि दहाच्या सुमाराला तो दादासमोर उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं दादाला काहीतरी विचारायच्या ऐवजी सांगितलं. "दादा, मी काट्यावरच्या बाईंबरोबर जातोय. साडेबाराला बस आहे."

दादा चहा पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली. चिडला नाही, ओरडला नाही. "जा की," तो म्हणाला. "तुला कोण अडवतंय? चांगलंच झालं. फक्त तेवढी एक गाडी चढवून जा. माणसाला आज संध्याकाळचा शब्द दिलाय मी. अर्ध्या तासाचं काम आहे."

पैलवानाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. नको म्हणायचा प्रश्नच नव्हता.

गाडी जड होती. मालक ती सकाळीच सोडून पुढं निघून गेला होता. काळी, चकचकीत, टाकीत तोंड दिसावं अशी. पैलवानानं नेहमीप्रमाणे आरसे काढले, टाकी रिकामी केली, हँडल धरून तो पुढं आत शिरला, दादानं मागून जोर लावला आणि गाडी आत गेली. चाक उजव्या कोपऱ्यात बसलं. त्यानं गार्डपासून पत्र्यापर्यंत वीत लावली. पुरी एक वीत. बावीस वर्षं तो हेच माप घेत आला होता. मग त्यानं पट्टे अडकवले, खटका मारमारून ताणले, स्प्रिंगा अर्ध्या दबल्या. सव्वाअकरा झाले होते. त्यानं उजव्या कुशीवर अंग टाकलं, पाठ पत्र्याला लावली, डावा हात पुढं केला, उजवा अंगालगत ठेवला आणि सगळा श्वास सोडून सरकला.

बरगड्या गेल्या. पोट गेलं नाही.

त्यानं आणखी रेटा दिला. सदरा वर गोळा झाला, गार्डाचं थंड लोखंड उघड्या पोटात रुतलं. श्वास घेतला तशा पुढं गेलेल्या बरगड्या फुगल्या आणि परत मागं जाणंही बंद झालं. पायानं जोर लावायला गेला तर विजार कशात तरी अडकून टर्रकन फाटली. मग तो थांबला. छोटे छोटे श्वास घेतले तर चालत होतं. मोठा घेतला की कळ यायची. डाव्या हातावरचं घड्याळ बरोबर डोळ्यांसमोर होतं.

"काय रे, झालं का?" दादानं बाहेरून विचारलं.

"अडकलो."

दादानं वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ते पोट त्याला आत्ता पहिल्यांदा दिसलं, आणि ते कुणी वाढवलं हेही त्याला त्याच क्षणी समजलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते भावाची काळजी नव्हती. फसवलं गेलेल्या माणसाचा राग होता तो.

"पट्टा काप दादा," पैलवान म्हणाला. "सुरी काठीला बांध, सीटवरून पोचेल. मग गाडी मागं ओढ."

"आणि स्प्रिंग उसळली म्हणजे? गाडी पत्र्यावर आपटेल. टाकीला पोचा आला तर तू भरून देणार?"

"मग पत्रा काप. शेजारच्या पत्रेवाल्याला बोलाव."

दादानं घड्याळ बघितलं. "पत्रेवाला जेवायला गेलाय," तो म्हणाला.

भिंतीपलीकडे पत्रेवाल्याच्या हातोड्याचे ठोके पडत होते. दोघांनाही ते ऐकू येत होते. दादा वाकलेला सरळ झाला, आणि म्हणाला, "तोवर दार लावून घेतो. कुणी बघितलं तर हसेल. तू गप पडून राहा." मागचं दार वर आलं आणि लागलं. कडी पडली. आत अंधार झाला. पत्र्याच्या सांध्यातून जेमतेम एक रेघ उजेड येत होता, तो घड्याळावर पडला होता.

साडेअकरा. पावणेबारा. पेट्रोलचा वास डोक्यात भिनत होता. पोटात रुतलेलं लोखंड आता गरम झालं होतं. वहिनी एकदा बाहेर येऊन गेली. दादा तिला काहीतरी हळू सांगत होता. तिचं उत्तर मात्र पैलवानाला स्वच्छ ऐकू आलं. "राहू दे थोडा वेळ. डोकं ठिकाणावर येईल."

बारा वाजून दहा मिनिटांनी यार्डाचं फाटक वाजलं. ती चाल त्याच्या ओळखीची होती.

"पैलवान आहेत का?" बाईनं विचारलं.

"पैलवान? तो सकाळीच गेला की गाडी पोचवायला," दादा म्हणाला. आवाजात एक सुरकुती नाही.

"डबा तर इथंच आहे."

"दुसरीच गाडी होती. चालवत नेली त्यानं. संध्याकाळपर्यंत येईल."

बाई डब्याजवळ आली. हातातली बॅग तिला जड झाली असावी. तिनं ती डब्याच्या तळाच्या कडेवर, पत्र्याला लावून टेकवली आणि पत्रा किंचित आत दबला, नेमका त्याच्या पाठीला. एक पत्रा मध्ये होता. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता, तिला धाप लागली होती.

"काही निरोप ठेवलाय का?"

दादानं रुमालानं मान पुसली. तो विचार करत होता असं म्हणता येणार नाही. असल्या गोष्टी दादाला आपोआप सुचायच्या. "हो, बरं झालं विचारलंत. म्हणाला, बाईंना सांग, जमणार नाही."

पैलवान ऐकत होता. ओरडता येईल एवढा श्वास त्याच्या छातीत होता. मोठी हाक नसती आली, पण पत्र्याच्या पलीकडे हातभर अंतरावर पोचेल एवढी आली असती. नुसतं नख वाजवलं असतं तरी पुरलं असतं. त्यानं तोंड उघडलं. आणि मग त्याच्या डोळ्यांसमोर ते सगळं आलं. दार खाली पडतंय, उजेड आत येतोय, बाई वाकून बघतेय, आणि आत हा फाटक्या विजारीत, गोळा झालेल्या सदऱ्यात, तिनंच वाढवलेल्या पोटानिशी खिळलेला. तिला हसू आलं असतं तर? तिला कीव आली असती तर? शिवाय दादा बोलत असताना मध्ये बोलायचं नसतं, हे तो इतकी वर्षं पाळत आला होता. आणि आणखीही एक होतं, सगळ्यांत वाईट. दादानं ते दोन शब्द इतक्या सहज उच्चारले की पैलवानाला ते आपलेच वाटले. दोन खोल्या, नवं गाव, रोज समोर बसून वाढणारं माणूस. आपल्याला खरंच जमेल का, असं त्याच्या मनात आलं. त्यानं तोंड मिटलं.

"बरं," बाई म्हणाली.

ती लगेच हलली नाही. घड्याळाचा काटा एक मिनिट पुढं सरकला, मग दुसरं. तेवढा वेळ ती बॅग त्याच्या पाठीला टेकून होती. मग पत्रा टक्कन आवाज करून जागेवर आला. पावलं फाटकाकडे गेली. साडेबाराला बसचा भोंगा वाजला, आणि बस गेली.

पत्रेवाला दोन वाजता आला. म्हणजे दादानं त्याला दोन वाजता हाक मारली. त्यानं दार पाडून आत बघितलं आणि दादाला एक सणसणीत शिवी दिली, तोंडावर. टाकीत पेट्रोलची वाफ आहे, ठिणगी नको, म्हणून त्यानं छिन्नी आणि पत्र्याची कात्री आणली. कापून झालेला पत्रा त्यानं पुस्तकाच्या पानासारखा बाहेर वळवला. पैलवान लोळत जमिनीवर आला. सगळं मिळून पाऊण तास लागला.

पत्रेवाल्यानं त्याला पाणी दिलं. तो स्वतः घामानं निथळत होता आणि अजून रागातच होता. "बावीस वर्षांपूर्वी बोललो होतो मी ह्याला," तो दादाकडे बोट करून म्हणाला. "डबा आणला त्याच आठवड्यात. म्हटलं, इथं बाजूला एक लहान दार ठेवून घे, अर्ध्या दिवसाचं काम आहे, माणूस सरळ आत जाईल, सरळ बाहेर येईल. तर म्हणतो कसा, दार कशाला, भाऊ आहे की."

पैलवानानं दादाकडे बघितलं. दादा टाकीवर कुठं ओरखडा आलाय का ते रुमालानं पुसून पुसून बघत होता.

"आता ते जुनं उगाळून काय उपयोग," दादा म्हणाला. टाकीला ओरखडा नव्हता. कापलेल्या जागी ताडपत्री ठोकली आणि दादा गाडी घेऊन निघाला. संध्याकाळचा शब्द त्यानं पाळला.

पुढच्या आठवड्यात पत्रेवाल्यानं त्या भोकाला बिजागऱ्या लावल्या, कडी बसवली. खरंच अर्धा दिवस लागला. आता डब्यात कुणीही जाऊ शकत होतं, दादासुद्धा. वहिनीनं दोरी खिळ्यावरून काढून वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधला. ती ज्याला त्याला सांगायची, "श्वासच कोंडला होता हो त्याचा आत. बाई बाहेर उभी होती, पण ह्याच्या तोंडातून आवाज कुठला निघणार? नशीब एकेकाचं." दादानं निरोपाचं काय सांगितलं ते ती गाळायची. सगळं यार्ड हळहळलं. पत्रेवाल्यानं दोन दिवस दादाशी बोलणं टाकलं. पैलवानाला कुणी विचारलं तर तो नुसती मान डोलवायचा.

दीड महिन्यानं एक ट्रक ड्रायव्हर आला. त्याचा फेरा त्या दुसऱ्या गावावरून असायचा आणि तिथल्या काट्यावर त्यानं हा सगळा किस्सा बाईला सांगितला होता, पत्र्यापासून छिन्नीपर्यंत.

"ऐकून बाई रडली हो," ड्रायव्हर म्हणाला. "मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. म्हणाली, श्वास कोंडलेल्या माणसाचा काय दोष, मीच मनात भलतंसलतं धरून बसले. म्हणाली, त्यांना सांगा, दोन खोल्या आहेत तशाच आहेत. दुसऱ्यांदा विचारत नसते, पण आता विचारतेय. मी उद्या सकाळी परत जातोय. बसता का माझ्या शेजारी? काय सांगू तिला?"

पैलवान नव्या दारापाशी उकिडवा बसून पट्टे गुंडाळत होता. त्याचे हात थांबले. दादा तिकडे जीपखाली होता, त्याला काही ऐकू गेलं नसतं. कुणी अडवणारं नव्हतं. पेटीत ते दोन सदरे अजून घडी घालून ठेवलेले होते. बाईनं माफ केलं होतं ते एका गुदमरलेल्या माणसाला. तो माणूस त्या दिवशी डब्यात नव्हता. जो होता त्याला तिच्यासमोर बसून रोज जेवावं लागलं असतं, आणि ती प्रेमानं वाढत राहिली असती.

"सांगा, जमणार नाही," तो म्हणाला.

"अहो, पण का?"

"मला श्वास होता," पैलवान म्हणाला.

ड्रायव्हरला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं खांदे उडवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बाईला पहिलंच वाक्य तेवढं नेऊन सांगितलं.